कानाला हळद-कुंकू

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

कंपनीने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. ही वही गाडीच्या आजाराची आहे. आमच्याकडे चाचणी विभागात पद्धत अशी की इंजिनाच्या आवाजाबद्दल आधी तोंड उघडायचं नाही, आधी लिहायचं. कधी येतो, कुठून येतो, कसा येतो. घरच्या गाडीला वेगळा न्याय कशाला?

तक्रार माझ्या मुलीची, तनुजाची. वय एकवीस. गेल्या महिन्यापासून तळवड्याच्या आयटी पार्कात ट्रेनी म्हणून लागली आहे आणि रहाटणीहून आमची जुनी पांढरी गाडी घेऊन जाते. म्हणते, "पप्पा, पुलाच्या चढाला गाडी ताणली की पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखा आवाज येतोय."

संध्याकाळी तिला शेजारी बसवून पुलावरून दोनदा गेलो. ती "आला, आला" म्हणत होती. मला कसलेही हरभरे ऐकू आले नाहीत. गाडी २००६ ची, पण इंजिन माझ्या हातचं आहे. गणपतीच्या सुट्टीत मीच टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावलं, तेही खूण दाखवणारी लाइट न वापरता, नुसत्या कानाने. डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवत जायचं, इंजिन खडखडायला लागलं की थोडं मागे घ्यायचं. या वेळी बराच पुढे नेला तरी इंजिन शांतच, आणि गाडी आधीपेक्षा चपळ झाली. आजकालच्या पोरांना गाडीत गाणी लावायची सवय, त्यांना काय कळतंय आवाजातलं?

कुणाच्या हाती वही पडलीच तर कळावं म्हणून लिहितो. मी साहेबराव. धाराशिवकडचा. चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं एकच काम करतो. तीनचाकी रिक्षांची इंजिनं तयार झाली की काचेच्या खोलीत माझ्यासमोर येतात. मी स्टेथोस्कोप लावून ऐकतो आणि ठीक असेल तर सात नंबरचा शिक्का मारतो. शिक्का नसेल तर इंजिन गेटबाहेर जात नाही. शॉपमध्ये, म्हणजे मशिनींच्या शेडमध्ये, सगळ्यांना कानात बोळे सक्तीचे आहेत, मला एकट्याला सवलत. बोळे घातल्यावर मी ऐकणार काय, डोंबल?

११ सप्टेंबर, गुरुवार

आज कंपनीची आठवड्याची सुट्टी. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावून लांब पेचकस इंजिनाला टेकवला, मूठ कानामागच्या हाडाला. पाचच मिनिटांत चोर सापडला. धप, धप, धप. इंजिन ज्या रबरावर बसतं ते रबर फाटलं होतं. दुपारी नवं आणून बसवलं. धपधप बंद. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

तनुजा एक चक्कर मारून आली. म्हणाली, "पप्पा, तुमचा आवाज गेला. माझा आहे तसाच आहे." आवाज काय ज्याचा त्याचा असतो? मी चिडलो आणि नको तेवढा बोललो.

आणखी एक. माझी बायको जयमाला तीन शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद करा सांगून खाली भाजीला गेली. मी स्वयंपाकघराबाहेर पेपर वाचत बसलो होतो. कुकरची एकही शिट्टी झाली नाही आणि डाळ करपली. "अहो, ध्यान कुठंय तुमचं?" म्हणून ती ओरडली. शिट्टी बिघडली असेल तर माझं ध्यान काय करणार?

१७ सप्टेंबर, बुधवार

काचेच्या खोलीत आज माझ्या स्टुलाशेजारी एक माइक बसवला. वर्षाली मॅडमचं काम. मॅडम म्हणजे सत्तावीस वर्षांची पोरगी, इंजिनिअर, स्वभावाने गोड. म्हणाली, "काका, तुमचा कान कॉम्प्युटरला शिकवायचाय. दोनशे इंजिनं तुम्ही ऐका, तोही ऐकेल. मग जुळवून बघू."

हसून हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? नाही म्हणालो असतो तर म्हातारा अडून बसला म्हणाले असते. आणि शिकवलं, तो शिकला, तर पुढे माझं काय? माझ्या बॅचचे दोघे जण हात थरथरतो म्हणून स्टोअरला गेले. दिवसभर नटबोल्ट मोजून पिशवीत भरतात. मी पाणी प्यायला तिकडून जाणं टाळतो.

कुकरला नवी शिट्टी आणली. तीही तसलीच निघाली. वस्तूंचा दर्जाच राहिला नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज फोर्कलिफ्टखाली जाता जाता वाचलो. गाडी उलटी येत होती, मी पाठमोरा. ड्रायव्हरने खाली उडी मारून दंड धरून ओढलं. वर मलाच विचारतो, "राव, एवढा हॉर्न वाजतोय, झोपलात का?" हॉर्न वाजत नव्हता. मी सेफ्टीकडे लेखी तक्रार केली. संध्याकाळी उत्तर आलं की रिव्हर्स हॉर्न तपासला, व्यवस्थित आहे. तपासणाऱ्याचेच कान तपासायला हवेत.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. शॉपमध्ये सगळ्या मशिनी धुऊन पुसून त्यांना झेंडूचे हार घातले. पाने, पेचकस, मापाच्या पट्ट्या एका चादरीवर मांडल्या. आमच्याकडची जुनी मस्करी अशी की हत्यारांची पूजा झाली की पोरं मला ओढून नेतात, खुर्चीवर बसवतात आणि माझ्या दोन्ही कानांना हळद-कुंकू लावतात. कुणीतरी ओरडतं, "बोला, कानोबा महाराज की..." आणि सगळी शॉप जय म्हणते. सोळा-सतरा वर्षं चाललंय. दरवर्षी मला लाजल्यासारखं होतं आणि दरवर्षी आवडतं.

यंदा वर्षाली मॅडमनेही कुंकू लावलं. लावताना ती काहीतरी बोलली. मी मान हलवली. ती थांबून माझ्याकडे बघत राहिली, मग तेच मोठ्याने म्हणाली. "काका, सुट्टीनंतर थोडा वेळ द्याल? यादी दाखवायची आहे."

घरी येईपर्यंत कुंकू पुसलं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

यादी पाहिली. दोनशेपैकी सतरा इंजिनं अशी की मशीन म्हणतं आत ठोका आहे आणि मी शिक्का मारलाय. उलटं एकही नाही. मी नापास केलेलं प्रत्येक इंजिन मशीननेही नापास केलंय.

मी म्हणालो, "मॅडम, पोर नवीन आहे, घाबरून सगळ्यालाच नाही म्हणतंय." ती हसली, पण नेहमीसारखी नाही.

माझ्या कानाचा कागद आहे. दर नोव्हेंबरला मेडिकलची गाडी येते आणि माझा कान पास होतो. आता ही वही माझीच आहे म्हणून लिहितो, की पास होणं काही अवघड नसतं. गाडीत एक कपाटाएवढी खोली, तिला छोटी काच. कानावर हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. बाहेर बसलेली मुलगी बटण दाबते तेव्हा तिचा खांदा किंचित हलतो. खांदा हलला की बोट वर. सगळेच तसं करतात. बाहेर चाळीस माणसांची रांग असते, कान लावून कोण बसेल? मी तर पाच-सहा वर्षं तिच्या खांद्यावरच पास होतोय. त्याआधी काचेकडे बघत होतो की नव्हतो, आठवत नाही.

हे लिहून झाल्यावर पेन ठेवलं होतं, पुन्हा उचललं. आज इंजिन तपासताना माझ्या लक्षात आलं की माझा डावा हात सारखा इंजिनावर असतो. थरथर बघायला. हा हात मी कधीपासून ठेवायला लागलो?

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. जयमालाचा भाऊ पुनावळ्याला राहतो. ती आणि तनुजा गाडीने गेल्या. मी गेलो नाही. मेहुणा फार पुटपुटतो, चारचारदा विचारावं लागतं आणि मग सगळे एकमेकांकडे बघतात.

दुपारी पेपर वाचत बसलो होतो. फोन मागे टीव्हीजवळ होता. पाणी प्यायला उठलो तेव्हा पाहिलं, अकरा कॉल येऊन गेले होते.

पुनावळ्याच्या हायवेखालच्या बोगद्यात गाडी बंद पडली होती. आधी मोठा खडखडाट, मग धूर, मग काहीच नाही. मागे ट्रक, पुढे ट्रक, बाजूला भिंत. दार पुरतं उघडता येत नव्हतं. तनुजा ढकलायला कुणीतरी या म्हणून हात करत होती आणि मागचे हॉर्नवर हात ठेवून शिव्या देत होते. जयमाला ओवाळणीचं ताट मांडीवर घेऊन तासभर तशीच बसून राहिली. शेवटी मेहुणा चालत आला, टेम्पोला दोर बांधून गाडी बाहेर काढली.

घरी आल्यावर जयमाला एवढंच म्हणाली, "किती येळ फोन लावायलो आम्ही. घरात असून नसल्यागत हायत तुम्ही."

फोनचा आवाज पूर्ण मोठा होता. तीनदा तपासला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

गाडी तळवड्याला चिमाजीच्या गॅरेजात आहे. चिमाजी तिथला मूळचा गावकरी. शेत रस्त्यात गेलं, उरलेल्या गोठ्यात त्याने गॅरेज काढलं. गव्हाणीत आता जुनी टायरं असतात. वीस वर्षांची ओळख आहे आमची. अडलेलं इंजिन असलं की तो मला बोलवायचा, "सायेब, जरा कान लावून जावा." हल्ली दोन-तीन वर्षांत बोलावलं नाही. धंदा कमी असेल असं मी धरून चाललो होतो.

तनुजा माझ्याबरोबर होती. त्याने इंजिन उघडून पिस्टन हातावर ठेवला. डोक्याची एक कड उंदराने भाकरी कुरतडावी तशी खाल्लेली, मधे भोक.

"टायमिंग लई पुढं गेलंय," चिमाजी म्हणाला. "ठिणगी येळेच्या आधी पडती, पेट्रोल आतल्या आत फुटतंय. ह्यो एका दिवसाचा कारभार न्हाई. दोन म्हैनं तरी वाजत आसंल. कुणी ऐकलंच न्हाई व्हय?"

तनुजा म्हणाली, "आवाज यायचा काका. मलाच नीट सांगता आलं नाही."

खोटं. तिने पहिल्याच दिवशी अचूक सांगितलं होतं, याच वहीत लिहिलेलं आहे. पत्र्याच्या डब्यात हरभरे. इंजिनाच्या पुस्तकातसुद्धा याहून नेमकं लिहिलेलं नसेल. माझी मुलगी मला चिमाजीसमोर पाठीशी घालत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि टायमिंग मी लावलं होतं. खडखडायला लागेपर्यंत पुढे नेलं होतं. ते खडखडलं असणारच.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ड्युटीला निघण्याआधी गॅलरीत उभा राहिलो. समोरच्या वायरीवर पाच-सहा चिमण्या बसल्या होत्या. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या.

मी बराच वेळ उभा होतो. बस चुकली, कंपनीत उशिरा पोचलो.

भीती वाटते. हे शब्द या वहीबाहेर कुणाला सांगणार? जयमालाला सांगितलं तर ती आधी रडेल आणि मग तिच्या भावाला सांगेल. कंपनीत सांगितलं तर दुसऱ्या दिवशी स्टोअर. पिशव्या, नटबोल्ट. आणि नाही सांगितलं तर पुन्हा ती काचेची खोली, इंजिन येणार, मी हात ठेवणार, शिक्का मारणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

बावीस वर्षं त्या खोलीतून बाहेर बघताना वाटायचं की बाहेरची माणसं गोंगाटात अडकलीत आणि मी तेवढा आत सुखाचा. आज आठ तास त्या खोलीत बसवत नव्हतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नवा पिस्टन बसला, गाडी चालू झाली. चिमाजीने डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल केला आणि म्हणाला, "लावा सायेब. तुमचं काम हाय."

तो ॲक्सिलरेटर झटक्याने दाबत होता. मी डिस्ट्रिब्युटर थोडा पुढे फिरवला. आणखी पुढे. इंजिन मला छान वाटत होतं. एकसारखं, गोड. मी चिमाजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली घातली. मेडिकलच्या मुलीसारखा खांदा मात्र हलवला नाही.

मी हात काढून घेतला. "तनुजा, तू कर."

तिने धरलं. चिमाजीने दाबलं. "आता आला," ती म्हणाली. जरासं मागे घेतलं. "अजून आहे. बारीक." आणखी केसभर. "गेला." पुन्हा पुढे, पुन्हा मागे, तीन वेळा. तिन्ही वेळा त्याच जागी थांबली. चिमाजीने लाइट लावून बघितली तर टायमिंग बरोबर खुणेवर होतं. तो हसला, "पोरीनं कान बापाचा घेतला!"

मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी तिचा हेवाही वाटला. पोटच्या पोरीचा हेवा. लिहून टाकलं, आता खोडणार नाही.

तनुजा गाडी वळवायला गेली तेव्हा चिमाजी जवळ येऊन माझ्या उजव्या कानाशी सावकाश म्हणाला, "सायेब, कंपनीत बी आसंच चाललंय व्हय?"

मी म्हणालो, उशीर होतोय, निघतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

वर्षाली मॅडमने दुपारी काचेच्या खोलीत येऊन दार लावून घेतलं. माझ्या समोर बसली, तोंड माझ्याकडे करून, एकेक शब्द सुटा. तिला कधीचं कळलंय ते मला तिथे कळलं.

त्या सतरापैकी अकरा इंजिनं अजून गोडाउनमध्ये होती. तिने उघडून घेतली. नऊ सदोष. उरलेली सहा गेली आहेत, कुठल्यातरी शहरात रिक्षात बसून माणसं वाहतायत. आणि ही फक्त दोनशेतली. त्याआधीची किती?

"काका, रिपोर्ट शुक्रवारी द्यायचाय," ती म्हणाली. "मेडिकल परवा आहे. मी त्यानंतरच पाठवेन."

न बोललेलं सगळं मला समजलं. मेडिकलमध्ये माझा कान पास झाला की साहेब लोक म्हणतील, माणूस फिट आहे, नऊ नजरचुकीने सुटली असतील, मशीन तर चांगल्यालाही नापास करतंय. माइक निघेल, मी राहीन. सात नंबरचा शिक्का माझ्याकडे राहील. त्यासाठी फक्त एका मुलीच्या खांद्याकडे बघायचं आहे. सहा वर्षं बघतोच आहे.

पोरगी मला पळून जायला दार उघडं ठेवतेय की पकडायला, काही कळत नाही. आज जेवण गेलं नाही. त्या बोगद्यातल्या गाडीत ताट धरून बसलेली जयमाला डोळ्यांपुढून हलत नाही. पुढे ट्रक, मागे ट्रक.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मेडिकलची गाडी कॅन्टीनमागे लागली होती. रांगेत अठरावा होतो. पुढचा पोरगा आत जाताना मागे वळून डोळा मारून म्हणाला, "कानोबा, तुम्हाला कशाला टेस्ट? तुम्हीच आमची घ्या की." सगळे हसले, मीही हसलो.

आत बसलो. हेडफोन लागला, जाड दार बंद झालं. समोर काच, काचेपलीकडे ती मुलगी, निळा शर्ट, उजवा खांदा. ती बटणाकडे हात नेऊ लागली.

मी डोळे मिटले.

आधी काही जाडे आवाज आले, दुरून घागर घुमल्यासारखे. बोट वर केलं. आणखी एक आला, बारीक होत गेला. बोट वर केलं. मग थांबलं. म्हटलं, मशीन बदलत असेल. हात मांडीवर ठेवून वाट पाहिली. स्वतःचा श्वास ऐकू येत होता. पुढचा आवाज येईल, आत्ता येईल, अशी वाट मी आयुष्यात कशाचीही पाहिली नसेल. डोळे उघडावेसे फार वाटले. उघडले नाहीत.

शेवटी मी मोठ्याने म्हणालो, "मॅडम, करा सुरू. मी तयार आहे."

खांद्यावर हात पडला तेव्हा डोळे उघडले. दार उघडं होतं. ती वाकून माझ्याकडे बघत होती.

"काका, झालं ना. दोन्ही कान केव्हाच झाले."

तिथून सरळ वर्षाली मॅडमच्या टेबलाशी गेलो. खिशातला शिक्का काढून तिच्यासमोर ठेवला आणि सांगितलं की सतरावर थांबू नका, दोन-तीन वर्षं मागे जा, नंबर काढायला मी बसतो. माझ्या शिक्क्याची इंजिनं मलाच शोधली पाहिजेत. तिने शिक्का लगेच उचलला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग माझ्याही. साहेब काय म्हणतील ते शुक्रवारी कळेल. स्टोअरचा रस्ता मला माहीत आहे.

संध्याकाळी घरी दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. बोलायला जड गेलं. जयमाला रडली नाही. म्हणाली, "आमाला काय म्हाईत नव्हतं व्हय? तुमी सांगायची वाट बघायलो होतो." मग डोळे पुसून उठली, कुकर लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तीन."

मी गॅसजवळ उभा राहिलो. तनुजा दारात येऊन टेकली. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून तिने एक बोट वर केलं. मग दुसरं. तिसऱ्या बोटाला मी गॅस बंद केला.